देहच उरला नाही, मग शेवटच्या दिवशी काय उठणार?

"ताई, त्यांची तर राख झाली. शेवटच्या दिवशी देव उठवणार तरी काय?" वसईच्या एका मावशींनी बसल्या बसल्या हेच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) 2021च्या कोरोना लाटेत त्यांचे यजमान गेले. कुटुंबाची कबर असूनही दहन करावं लागलं. मुलाने अस्थींचा कलश आणून कपाटात ठेवला, आणि त्यावर घरात कुणी बोलेना. संध्याकाळी रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या, सुरुवातीला विश्वासांगिकार (ख्रिस्ती श्रद्धेची कबुली) म्हणताना 'देहाचे पुनरुत्थान' या शब्दांपाशी मावशी गप्प व्हायच्या. शेवटच्या दिवशी देव मेलेल्यांना देहासह उठवील, ही ती श्रद्धा.

कोरोनानंतर हा प्रश्न मी अनेक घरांत ऐकला आहे. विचारणारा माणूस उत्तराआधी आपलं दुःख कुणाच्या तरी हाती देऊ पाहतो. म्हणून बायबल न उघडता मी आधी यजमानांबद्दल विचारलं. पहाटे वाडीत केळींना पाणी सोडणारे, मितभाषी गृहस्थ. मावशींनी त्यांचा कोट इस्त्री करून इस्पितळात पाठवला होता. तो तसाच परत आला. "धड कपडेही घातले नाहीत हो त्यांना," म्हणाल्या आणि कितीतरी वेळ रडल्या. चेहरा पाहिला नाही, हात लावला नाही, कबरीत मूठभर माती टाकली नाही. पुढच्या काही भेटी आम्ही याच गोष्टींपाशी थांबलो.

मग मूळ प्रश्नाकडे वळलो. 'देहाचं काय एवढं, आत्मा तर स्वर्गात आहे' असं त्यांना बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. हे सांत्वन मला पटत नाही. ख्रिस्ती श्रद्धा देहाला टाकाऊ मानत नाही. पुनरुत्थित येशूच्या अंगावर खिळ्यांच्या खुणा होत्या, त्याने थोमा या शिष्याला त्या दाखवल्या, शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला. तेव्हा नवऱ्याच्या देहासाठी मावशींचा जीव तुटणं अगदी योग्य होतं.

पण मेलेल्यांना उठवायला देवाला देह जपून ठेवलेला लागत नाही. 177 साली आजच्या फ्रान्समधल्या लियॉनमध्ये छळ करणाऱ्यांनी ख्रिस्ती हुतात्म्यांचे देह जाळून राख ऱ्होन नदीत टाकली, ती नेमकी त्यांची पुनरुत्थानाची आशा मोडावी म्हणून. आशा मोडली नाही. संत पौलही करिंथ इथल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात पेरलेल्या दाण्याचंच उदाहरण देतो: पेरतो तो नुसता दाणा, त्याला अंग देतो देव.

मावशींच्या मनाला भिडली ती मात्र संत ऑगस्टीनची आई, संत मोनिका. नवऱ्याशेजारीच आपली कबर व्हावी ही तिची जुनी इच्छा. 387 साली मायदेशापासून दूर, रोमजवळच्या ओस्तिया बंदरात तिचा अंतकाळ आला. तेव्हा ती म्हणाली, देवापासून काहीच दूर नाही. मला कुठून उठवायचं हे तो जाणणार नाही अशी भीती मला नाही. मावशींनी हे मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे त्याला पत्ता ठाऊक आहे."

मुलाच्या मनात मात्र वेगळाच सल होता: दहनाला आपण संमती दिली, हे पाप तर नाही? कॅथलिक चर्चने 1963 सालीच दहनाला मुभा दिली, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. व्हॅटिकनच्या 2016च्या सूचनेनुसार अस्थी विखरू नयेत, एरवी घरीही ठेवू नयेत. पवित्र जागी ठेवाव्यात. मायलेक धर्मगुरूंना भेटले आणि कलश कुटुंबाच्या कबरीत ठेवला गेला. प्रार्थना झाली, या वेळी माती मावशींनी स्वतः टाकली.

त्या अजून रडतात. "विश्वास आहे तर रडू का येतं?" असं विचारत एकदा परत आल्या होत्या. मरण पावलेला आपला मित्र लाजरस याला आपण आता उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी त्याच्या कबरीकडे जाताना तो रडला, एवढंच मी त्यांना सांगितलं.

तुमच्याही घरी असा कलश असेल, तर संकोच न करता तुमच्या धर्मगुरूंशी बोला. कितीही वर्षं झाली असली तरी उशीर झालेला नाही.