‘पोट्ट्याले पाठव ना!’ : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

प्रश्न : आमचे हे रोज संध्याकाळी दहा वर्षांच्या मुलाला पव्वा आणायला पाठवतात. उरलेल्या सुट्ट्या पैशांचं चॉकलेट घे म्हणतात. मी बोलले तर उत्तर तयार : “तो काय पिऊन राह्यला का? आनूनच तर देऊन राह्यला.” यात बिघडतं का काही? (एक आई, वणी तालुका)

उत्तर : बिघडतं, ताई. बापानं भरवशाचं काम सांगितलं हा त्या वयात केवढा मान असतो! पोरगं बाटली सदऱ्याखाली धरून सांभाळून आणतं, बाप खूश होतो, वर चॉकलेट. बापाला खूश करायचा याहून सोपा रस्ता त्याला दुसरा कुठे सापडणार? माझ्याकडे आलेल्या एका मुलाचा बाराचा पाढा अडत होता, पण पव्वा, अद्धा, खंबा तिन्हींचे भाव तोंडपाठ होते.

मुलाकडून दारूची ने-आण करवणं हा बाल न्याय कायदा, २०१५च्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात बिअरलासुद्धा २१ वर्षं पूर्ण लागतात, कडक दारूला २५. म्हणजे पोराच्या हातात बाटली देणारा दुकानदारही अडकतो. पण हे कलम घरी नवऱ्याला वाचून दाखवू नका, मार तुम्हालाच बसायचा. त्या वेळेला मुलगा घरी सापडायलाच नको. मैदानावर, आजीकडे, शेजारी अभ्यासाला, कुठेही धाडा. आणि बचत गटातल्या चार जणींना घेऊन दुकानदाराला एकदा सांगून या.

प्रश्न : सात महिन्यांच्या नातीला सर्दी झाली की मी ब्रँडीचे दोन थेंब मधातून चाटवते. माझी चारही लेकरं अशीच वाढली. सून नको म्हणते. (एक आजी, अचलपूर)

उत्तर : आजी, सुनेचं ऐका. ब्रँडीनं ऊब येत नाही. कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि अंगातली उष्णता उलट बाहेर जाते. एवढ्याशा जिवाची रक्तातली साखर उतरून झटके येऊ शकतात. छातीला चोळणंही नको. आणि वर्षाच्या आत मधसुद्धा नको! नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाला, अंगावरचं दूध चालू ठेवा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल तर तडक दवाखाना गाठा.

प्रश्न : आमच्या शाळेतली गोंड मुलं घरी पूजेत मोहाची दारू शिंपडताना पाहतात. त्यांना ‘हे वाईट’ असं वर्गात सांगावं का? (एक शिक्षक, कुरखेडा तालुका)

उत्तर : नाही, गुरुजी. तुमच्या वर्गातलं पोरगं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून आईबरोबर टोपली भरतं. मोहफूल त्याच्या घरचं खाणं आहे आणि वर्षाचे रोख पैसेही. त्यालाच तुम्ही पाप म्हणालात तर ते तुमचं पुढचं काही ऐकणार नाही. (नागपूरच्या लग्नात इंग्लिश पिऊन आदिवासींच्या दारूवर प्रवचन देणारे मी बरेच पाहिलेत.)

देवापुढे जमिनीवर सांडलेला थेंब देवाचा. प्रश्न सुरू होतो तो कोणी हसत-हसत दारूचा दोना (पानाचा द्रोण) पोराच्या ओठाला लावतं तेव्हा, आणि भट्टीची दारू विकायला लागते तेव्हा. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे आणि ती लोकांनी लढून आणलेली आहे, हे वर्गात जरूर सांगा. पोराच्या ओठाला लागणाऱ्या दोन्याबद्दल मात्र तुम्ही बोलू नका. गावच्या भूमकाला, म्हणजे गोंडांच्या पुजाऱ्याला, शाळेत बोलवा. ‘हे देवाचं, लेकराचं नाही’ हे त्यांच्या तोंडून आलं तर घरोघरी पोचेल.

प्रश्न : मॅच बघताना मुलगा विचारतो, “बाबा, ही सोड्याची जाहिरात आहे का दारूची?” काय सांगू? (एक शेतकरी, आर्वी तालुका)

उत्तर : पोरगं हुशार आहे! केबल टीव्हीच्या नियमांत दारूच्या जाहिरातीला बंदी आहे, म्हणून तेच नाव, तेच अक्षर, तोच रंग सोड्यावर किंवा पाण्याच्या बाटलीवर चढतो. तुमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असली तरी टीव्हीला सीमेवर कोणी अडवत नाही. भाषण देऊ नका. रविवारी त्याला सायकलवर आर्वीच्या बाजारात धाडा, दहा किराणा दुकानांत तो सोडा मागून ये म्हणावं. किती ठिकाणी मिळाला ते मलाही कळवा.