‘ह्यांना माझंच तेवढं ऐकू येत नाही’

इचलकरंजीत कुटुंब समुपदेशन करताना ही तक्रार किती बायकांनी सांगितली, मोजदाद नाही. “मॅडम, मित्रांशी तासभर बोलतात. मी चार हाका मारल्या तरी उत्तर नाही. आणि बोलले की ओरडूनच.”

अशीच एक जोडी आली. तो बावीस वर्षं यंत्रमागावर कामाला. आठवडा दिवसपाळी, आठवडा रातपाळी, बारा-बारा तास. राग, दारू, सासू, पैसा, सगळं विचारून झालं. हाती काही लागेना. चौथ्या भेटीत तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. वहीत लिहिता लिहिता मी म्हटलं, “बसा की दादा.” तो हलला नाही.

“बघा, तुमचं बी ऐकत न्हाईत!” ती म्हणाली.

मी उठून त्याच्यासमोर गेले, तेच शब्द तशाच आवाजात बोलले. तो लगेच बसला.

“मगाशी ऐकू आलं नाही?”

“मगाशी कधी? आत्ताच बोललाय की तुम्ही.”

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो बायकोकडे बघून हळूच म्हणाला, “मला वाटायचं, तू मुद्दाम तोंडातल्या तोंडात बोलतीस.” तिनं पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं दोघंही एकमेकांवर एकच आरोप करत होती.

माणसाच्या स्वभावात दोष शोधण्याआधी त्याचं काम बघावं, हे माझं मत त्या दिवशी पक्कं झालं. आडवा धागा इकडून तिकडे फेकणाऱ्या धोट्याच्या मागांचा खडखडाट नव्वद डेसिबलच्या वर सहज जातो आणि कामाच्या ठिकाणी नव्वदची मर्यादा आहे ती आठ तासांसाठी, बारा तासांसाठी नव्हे. अशा आवाजानं आधी वरच्या पट्टीचं ऐकणं जातं. स, श, फ हे बारीक उच्चार निसटतात. बायकामुलांचे आवाज पुसट होतात, पुरुषांचे खर्जातले त्या मानानं टिकतात. म्हणून ‘माझंच तेवढं’. आमच्याकडे कारखान्याला घराची भिंत लागून असते. गल्लीच्या गल्ली मोठ्यानं बोलते, आणि आपण त्याला भांडखोरपणा म्हणतो.

तेव्हा मागावाल्या घरातल्या ताईंनो, आधी कानाची तपासणी करून घ्या. गेलेलं ऐकणं परत येत नाही, पण कानाच्या यंत्रानं बरीच मदत होते. कानात कापूस घालून भागत नाही. नीट बसणारे इअरप्लग लागतात, आणि ते मालकानं द्यायला हवेत. आवाजानं येणारा बहिरेपणा कामगारांच्या सुरक्षेच्या कायद्यात व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला आहे. चार-सहा कामगारांच्या छोट्या कारखान्यांपर्यंत हा कायदा पोचतच नाही, याची मला चीड येते. घरात मागून हाक मारू नका. समोर या, खांद्याला हात लावा, मग बोला.

मागावाल्या घरात आता मी पहिला प्रश्न कानाचाच विचारते. कितीतरी भांडणं तिथंच निम्मी होतात.

शेवटच्या भेटीला ती थोरल्या मुलाला घेऊन आली. तो महिन्याभरापूर्वीच मागावर लागला होता. “ह्याचं बी कान बघून घ्यायचं हाय,” ती म्हणाली.