इफ्फीला पहिल्यांदा जाताना कोणते चित्रपट चुकवू नयेत?

तुम्ही विचारले आहे की नोव्हेंबरमध्ये तुम्ही पणजीला इफ्फीसाठी, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी, पहिल्यांदाच जात आहात, हाताशी तीनच दिवस आहेत, तेव्हा कान, बर्लिन आणि व्हेनिस येथील महोत्सवांत गाजलेल्या चित्रपटांपैकी कोणते अजिबात चुकवू नयेत. माझे मत स्पष्ट आहे. अशी यादी घेऊन तुम्ही गेलात, तर ज्यासाठी पणजीपर्यंत जायचे तेच तुमच्या हातून निसटेल.

मी सावंतवाडीची. २००४ मध्ये इफ्फी गोव्यात आला, तेव्हापासून शाळेतून रजा मिळेल तितके दिवस मी पहाटेच्या एसटीने पणजी गाठत आले आहे. सुरुवातीची नऊ वर्षे मी काय पाहावे हे माझा थोरला भाऊ ठरवत असे. दादा मुंबईत अनेक वर्षे फिल्म सोसायटीचा सभासद होता, त्याचे वाचन मोठे आणि शब्दाला घरात वजन, त्यामुळे त्याने पाठवलेल्या यादीबाहेरचा एकही चित्रपट पाहण्याचे धैर्य मला झाले नव्हते. त्या यादीत सगळी नावे युरोपात पारितोषिक मिळवलेल्यांची असत.

२०१३ साली दादा स्वतः आला होता. जुन्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आवारातल्या आयनॉक्स चित्रपटगृहासमोर आम्ही त्याच्या यादीतल्या पहिल्या चित्रपटासाठी दीड तास रांगेत उभे राहिलो आणि आमच्या पुढे वीसेक माणसे असताना सभागृह भरल्याचे सांगण्यात आले. शेजारच्या पडद्यावर तिमोर-लेस्ते या आग्नेय आशियातल्या चिमुकल्या देशाचा ‘बिआट्रिझ्स वॉर’ लागणार होता आणि तिथे रांगच नव्हती. दादा म्हणाला, “त्या देशात चित्रपट होतात तरी का? चल, चहा घेऊन दुपारच्या खेळाची रांग धरू.” मी पहिल्यांदाच त्याला नाही म्हटले आणि एकटी आत गेले.

दादाचा प्रश्न अगदीच निराधार नव्हता, कारण तो त्या देशाचा पहिलाच पूर्ण लांबीचा कथापट होता. पोर्तुगिजांची राजवट संपते न संपते तोच १९७५ मध्ये इंडोनेशियाने तिमोर-लेस्तेवर आक्रमण केले आणि २००२ पर्यंत त्या देशाला स्वातंत्र्य मिळाले नाही. १९८३ मध्ये क्रारास या गावातील पुरुषांचे हत्याकांड झाले, त्यात बिआट्रिझचा नवरा तोमास नाहीसा होतो आणि सोळा वर्षांनी एक माणूस ‘मीच तोमास’ म्हणत परत येतो. गाव त्याला स्वीकारते. तिला मात्र खात्री वाटत नाही, आणि ती त्याच्यावर प्रेमही करू लागते. बांदा ओलांडून म्हापशाच्या वाटेला लागले की बिआट्रिझ, तोमास अशी नावे आमच्याही कानांवर पडतात. त्यांच्या तेतुम भाषेत पोर्तुगीज शब्द मिसळलेले आहेत. तिथे खिडकीला ‘जनेला’ म्हणतात, आणि आमच्या शेजारच्या कोकणीत ‘जनेल’. ज्या सत्तेखालून गोवा १९६१ मध्ये सुटला, तीच सत्ता गेल्यानंतर दुसऱ्या एका लहानशा प्रदेशाच्या वाट्याला काय आले, हे मी गोव्यातच बसून पाहत होते. निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या होत्या. दिवे लागल्यावर मला काही वेळ उठवले नाही.

बाहेर दादाने विचारले, “दिग्दर्शक कोण?” लुइगी अक्विस्तो आणि बेटी रेइस ही नावे त्याने ऐकलेली नव्हती, तेवढ्यावर त्याने विषय संपवला. महोत्सवाच्या शेवटी त्याच चित्रपटाला सुवर्ण मयूर हे इफ्फीचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. दादा आजही म्हणतो की पारितोषिक मिळाले म्हणून तो मला मोठा वाटतो. पारितोषिक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी मी त्याच्याशी त्या चित्रपटावरून भांडले होते, हे तो सोयीने विसरतो.

त्याचा दुसरा आवडता मुद्दा असा की १९५२ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या महोत्सवात लोकांनी जगात गाजलेल्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ या इटालियन चित्रपटासारख्या कृतीच पाहिल्या आणि त्यातूनच दिग्दर्शक बिमल रॉय ‘दो बिघा जमीन’कडे वळले. हे खरेच आहे. पण ते चित्रपट भारतात अन्यथा पाहायला मिळणे दुरापास्त होते, म्हणून त्या महोत्सवाचे मोल होते. आज कानमध्ये गाजलेला चित्रपट बहुधा वर्षभरात घरच्या पडद्यावर येतो. तिमोरचा येत नाही. तेव्हा महोत्सवाची पुस्तिका हाती आल्यावर ज्या देशाचा एकही चित्रपट तुम्ही पाहिलेला नाही, त्या देशापुढे आधी खूण करा.

याशिवाय, पुनरुज्जीवित केलेला जुना चित्रपट मोठ्या पडद्यावर असेल तर तो सोडू नका. पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केलेला श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ नव्याने उजळून २०२४ मध्ये कानला दाखवला गेला. अशा कामाची खरी किंमत मोबाइलवर कळत नाही. इंडियन पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागातला एक तरी चित्रपट घ्या, आणि तो मराठीच असावा असा आग्रह धरू नका. दिवसाला तीनपेक्षा अधिक पाहू नका.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. अनोळखी देशांचे चित्रपट निवडताना माझे काही दिवस पूर्ण वाया गेले आहेत, दोनदा मी मध्यंतराच्या सुमारास उठूनही गेले आहे, आणि तीनच दिवस असलेल्या माणसाला हा धोका मोठा वाटणे स्वाभाविक आहे. दादाच्या यादीमुळेच मला सुरुवातीला चित्रपट पाहता येऊ लागला, हेही मी नाकारत नाही. म्हणून एखादा गाजलेला चित्रपट जरूर ठेवा, पण त्याचे आरक्षण सुरू होताच करून टाका. आरक्षण मिळाले नाही तर दीड तास त्या रांगेत उभे राहू नका. शेजारच्या पडद्यावर काय लागले आहे ते पाहा आणि आत जा.