स्क्रीनवर सरकणारे पट्टे: कॅमेरा दुरुस्तीला पाठवण्याआधी एवढं करून बघा

तुम्ही लिहिलंय की जुना अ‍ॅनालॉग व्हिडिओ कॅमेरा दुर्बिणीला लावायला घेतला, गच्चीवर आठवडाभर उत्तम चालला, आणि मुरबाडच्या पुढे मित्राच्या शेतावर नेला तर रात्री साडेदहानंतर स्क्रीनवर आडवे पट्टे सुरू झाले, खालून वर सरकणारे. सोबतच्या मंडळींनी निदान केलं: कॅमेरा तापतोय, दुरुस्तीला दे, आणि सरळ लॅपटॉपवर चालणारा घे. यातलं काहीही करण्याआधी माझं ऐका. हाच त्रास मी २०१८ च्या नोव्हेंबरात भोगलाय. तुमचं वाक्य न् वाक्य ओळखीचं वाटलं म्हणून लिहायला बसलो.

दुर्बीण कशी लावायची, कॅमेरा नोजपीसला (आयपीसच्या जागी बसणाऱ्या नळीला) कसा बसवायचा हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

आधी एक प्रश्न. पट्टे येतात तेव्हा सेन्स-अप (कॅमेऱ्याने प्रकाश किती पट वेळ साठवायचा ते सेटिंग) कितीवर असतं? तुम्ही मृगातला तेजोमेघ बघत होतात म्हणालात, म्हणजे २५६ च्या आसपास असणार. पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीत एक फील्ड (चित्राचा एक अर्धा भाग) १/५० सेकंदाचं, म्हणजे २५६ पट म्हटल्यावर साधारण पाच सेकंदांचा प्रकाश साठवून कॅमेरा एक चित्र तयार करतो. पुढचं चित्र तयार होईपर्यंत तेच चित्र स्वतःच्या मेमरीतून पुन्हा पुन्हा बाहेर पाठवत राहतो. आता स्क्रीनकडे नीट बघा. तेजोमेघ पाच सेकंद जागच्या जागी थिजलेला असेल आणि पट्टे मात्र त्याच्यावरून चालत असतील, तर ते पट्टे सेन्सरमध्ये आलेलेच नाहीत. सेन्सरमध्ये आले असते तर चित्राबरोबर तेही थिजले असते. ते आलेत चित्र तयार झाल्यानंतर, बाहेर जाताना, म्हणजे केबलमध्ये किंवा वीजपुरवठ्यात. एवढी साधी गोष्ट मला तेव्हा कोणी सांगितली असती तर माझे तीन महिने वाचले असते.

माझ्याकडे तेव्हा ८ इंची श्मिट-कॅसेग्रेन दुर्बीण, ऑल्ट-अ‍ॅझ गोटू माउंट (वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरून दुर्बीण वस्तूकडे आपोआप वळवणारा स्टँड), सोनीच्या १/३ इंची सुपर हॅड सीसीडी सेन्सरचा कॅमेरा, गाडीत रिव्हर्स पार्किंगसाठी लावतात तो ७ इंची मॉनिटर आणि रेकॉर्डिंगसाठी एक लहान डीव्हीआर होता. सगळं एकाच बॅटरीवर, यूपीएसमधून काढलेल्या मोठ्या बॅटरीवर. घरी गच्चीवर माउंट अ‍ॅडॉप्टरवर चालायचं आणि दहिवराची भानगड नव्हती. वांगणीच्या पुढे, उघड्या माळावर, रात्री अकराच्या सुमाराला करेक्टर प्लेट (दुर्बिणीची पुढची काच) ओली व्हायला लागली की मी ड्यू हीटर, म्हणजे दहिवर बसू नये म्हणून नळीभोवती गुंडाळायचा गरम पट्टा, चालू करायचो. हीटर त्याच बॅटरीवर. पट्टे अकरानंतरच यायचे. दोन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या आणि मला त्यांचा संबंध दिसला नाही, कारण हीटर म्हणजे तापणारी तार, तिचा चित्राशी काय संबंध, असं डोक्यात बसलं होतं.

संबंध असा असतो. हीटरचा कंट्रोलर वीज कमी-जास्त करत नाही, ती सेकंदाला अनेकदा चालू-बंद करतो. माझा हीटर चालू असताना २ अँपिअर खायचा. बॅटरीपासून टेबलापर्यंत आलेली बारीक वायर आणि ते सैल सिगारेट लायटर सॉकेट मिळून समजा ०.२ ओहम. म्हणजे प्रत्येक ठोक्याला ०.४ व्होल्टचा हिसका, आणि तो त्याच निगेटिव्ह वायरवर, जिच्यावर कॅमेरा आणि मॉनिटरही टांगलेले आहेत. आता कंपोझिट व्हिडिओचा (अशा कॅमेऱ्यातून एकाच केबलने बाहेर येणाऱ्या चित्राचा) अख्खा सिग्नलच १ व्होल्टचा. त्यातला चित्र जागेवर धरून ठेवणारा सिंकचा भाग जेमतेम ०.३ व्होल्ट. त्या हिसक्याचा थोडा अंश जरी व्हिडिओ केबलच्या जाळीतून आत शिरला तरी पट्टे उमटतात, आणि जास्त शिरला तर चित्र वरच्या बाजूने फाटतं. कंट्रोलरचे ठोके आणि स्क्रीनचे ५० फील्ड यांचा ताल जुळत नाही म्हणून पट्टे सरकतात. गोटूच्या मोटरीही हेच करतात, पण त्या दुर्बीण फिरतानाच जास्त ओढतात, म्हणून तो त्रास येतो आणि जातो.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी कॅमेरा दुरुस्तीला पाठवला. माझी सगळ्यात महाग पडलेली चूक हीच.

कुठे पाठवला ते लिहीत नाही. अधिकृत म्हणवणारं सेवा केंद्र होतं एवढंच सांगतो. सोबत दोन पानी पत्र जोडलं होतं: पट्टे रात्री अकरानंतर येतात, सेन्स-अप २५६ ला येतात, फोटो सोबत आहेत. डिसेंबर संपला तरी उत्तर नाही. फोन केला की "इंजिनिअर बघतोय". जानेवारीत कळलं की पत्र कोणी उघडलंच नव्हतं, कॅमेरा ट्यूबलाइटच्या उजेडात, सेन्स-अप बंद ठेवून, भिंतीकडे तोंड करून तपासला होता. फेब्रुवारीत परत आला. १,८०० रुपये तपासणी शुल्क आणि एका ओळीचा कागद: "कॅमेरा ओके, दोष आढळला नाही." पुढची काच काढून परत बसवली होती आणि आत धुळीचा एक कण सोडला होता. आजही माझ्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये उजव्या कोपऱ्यात एक करडा ठिपका आहे, तो हा.

पैशांचं दुःख नाही. त्याच डिसेंबरात ४६पी विर्तानेन धूमकेतू पृथ्वीजवळून गेला. १६ डिसेंबर २०१८ ला तो आपल्यापासून सुमारे १ कोटी १६ लाख किलोमीटरवर होता आणि आकाशात कृत्तिकांच्या शेजारी. मोठा, पसरट, फिकट. डोळ्याने अंधाऱ्या जागेवरून जेमतेम जाणवणारा, म्हणजे अशा कॅमेऱ्यासाठीच बनलेला. तारकांच्या पार्श्वभूमीवर तो इतक्या वेगाने सरकत होता की अर्ध्या तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये हलताना दिसला असता. मी त्या रात्री माळावर होतो आणि माझा कॅमेरा कुठल्यातरी कपाटात. हे लिहितानाही जिवाला लागतं.

उलगडा झाला तो मार्चमध्ये, अपघाताने. भाचा सोबत आला होता, त्याच्या फोनची बॅटरी संपत आली. सॉकेट एकच रिकामं करण्यासारखं होतं, म्हणून त्याने मला न विचारता हीटरची पिन उपटून चार्जर लावला. त्याच क्षणी तो ओरडला, "मामा, स्क्रीन साफ झाली!" मी पिन परत लावली, पट्टे आले. काढली, गेले. मग कंट्रोलरचं बटण हळूहळू फिरवून पाहिलं, तर हीटर वाढवेन तसे पट्टे जाड होत होते आणि कमी करेन तसे बारीक. त्या दिवशी आम्ही दोघांनी तासभर आकाशाकडे बघितलंच नाही.

तेव्हा तुमची पुढची खेप अशी करा. हीटर पूर्ण बंद, पिन काढून. मग माउंटची पिन काढून, पाहिजे तर तारा निसटू द्या. पट्टे कशाने जातात ते बघा. बहुतेक उत्तर मिळेल. मग कायमचा उपाय म्हणजे दोन बॅटऱ्या: कॅमेरा, मॉनिटर आणि डीव्हीआर एका बॅटरीवर, माउंट आणि हीटर दुसऱ्यावर. दोन्हींच्या निगेटिव्ह कुठेही एकमेकांना जोडायच्या नाहीत. कॅमेऱ्याच्या बाजूचं सगळं मिळून साधारण १ अँपिअर जातं, म्हणजे ७ एएचची (अँपिअर-तासांची) छोटी एसएमएफ, म्हणजे पाणी न घालावी लागणारी, बॅटरी तीन तास आरामात पुरते. ती निम्म्याच्या खाली उतरवू नका, लवकर मरते. वायर जाड आणि आखूड घ्या. सिगारेट लायटरची सॉकेटं माझ्या मते या कामासाठी बनलेलीच नाहीत, हलवलं की सुटतात.

दोन बॅटऱ्या करूनही बारीक रेघा राहिल्या तर सीसीटीव्हीचं सामान विकणाऱ्या दुकानात व्हिडिओ ग्राउंड लूप आयसोलेटर मागा. केबलच्या मध्ये बसतो. मला लागला नाही, पण एका परिचिताचं काम त्याने झालं. गाडीतून इन्व्हर्टर आणि त्यावर अ‍ॅडॉप्टर, हा उद्योग मात्र टाळा. इन्व्हर्टर स्वतःच मोठा गोंगाट करतो.

व्होल्टेजचंही बघा. असे बहुतेक कॅमेरे १२ व्होल्ट, दहा टक्के इकडे-तिकडे चालवून घेतात, म्हणजे १०.८ ते १३.२. गाडीचं इंजिन चालू केलं की पुरवठा १४ च्या वर जातो, तेव्हा कॅमेरा गाडीला जोडलेला असताना किल्ली फिरवू नका. तीन सेलचा लिथियम पॅक भरलेला असताना १२.६ देतो, पण पहाटेपर्यंत १०.८ च्या खाली घसरू शकतो आणि मग चित्र थरथरायला लागतं. जुना कॅमेरा घेतलाय, तर पिनचा मधला भाग पॉझिटिव्ह आहे ना, हे मल्टिमीटरने स्वतः तपासा. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. एक साधा फ्यूज लावा. मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस नाही, माझ्या सामानावर जे झालं तेवढंच सांगतोय. तुमच्या कॅमेऱ्याच्या पाठीवर वेगळे आकडे छापलेले असतील तर तेच खरे माना.

आता लॅपटॉपबद्दल. इथे माझं मत ठाम आहे आणि सगळ्यांना पटणार नाही. घरून फोटो काढायचे, रंग सुधारायचे, तर लॅपटॉप हवाच. पण माळावर दहिवरात कीबोर्ड ओला होतो, बॅटरी मध्यरात्री मान टाकते, आणि ड्रायव्हर नेमका तिथेच रुसतो जिथे नेट नाही. फोनवर चालणाऱ्या स्मार्ट दुर्बिणी आता सर्रास दिसतात, चित्र माझ्यापेक्षा देखणं देतात, हे मान्य. तरी माणसांना आकाश दाखवायचं असेल तर मला अजून हा जुना डबा आवडतो. बटण दाबलं की चित्र. सोनीने सीसीडी बंद करायचं २०१५ मध्येच जाहीर केलं, तेव्हा हे कॅमेरे आता जुन्या बाजारातच मिळणार. जो मिळालाय तो जपा.

गेल्या जानेवारीत एका शाळेत कार्यक्रम होता. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी भांडी आवरून बाजूला उभ्या होत्या. गुडघे वाकत नाहीत म्हणून आयपीसशी आल्याच नाहीत. त्यांना स्क्रीनसमोर खुर्ची दिली. मृगातला तेजोमेघ लावला होता. दर पाच सेकंदांनी चित्र बदलायचं तसं त्या पुढे सरकायच्या. म्हणाल्या, "चुलीतला धूर सकाळी कवडशात असाच दिसतो." मग मुलांना हाताने बाजूला करून त्यांनी स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या बाईंना हाक मारून आणलं. लॅपटॉप असता तर चित्र सुंदर आलं असतं, पण मी खाली मान घालून खिडक्या उघडत-मिटत बसलो असतो. त्यांच्याकडे बघायचं राहून गेलं असतं.

काही सुट्या गोष्टी, तुम्ही विचारल्या नाहीत तरी. १/३ इंची सेन्सर म्हणजे ४.८ बाय ३.६ मिलिमीटर. दोन मीटर फोकल लांबीच्या दुर्बिणीवर हे क्षेत्र जेमतेम ८ बाय ६ कलामिनिटं, अख्खा चंद्र ३० चा. ०.५ चा रिड्यूसर (फोकल लांबी निम्मी करणारं भिंग) लावल्याशिवाय पुढे जाऊच नका. तो लावला की शौरीमधला एम १३ हा तारकागुच्छ छान मावतो. देवयानी दीर्घिकेचा नाद सोडा, मधला गाभाच दिसेल. वस्तू शोधताना सेन्स-अप १६ वर ठेवा, नाहीतर दुर्बीण हलल्यावर पाच सेकंद जुनंच चित्र बघत बसाल. ध्रुव साधण्यात (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखण्यात) वेळ घालवू नका. आपल्याकडे तो क्षितिजापासून १९ अंशांवर, बहुतेक वेळा धुरकटात किंवा डोंगराआड. वीस सेकंदांच्या आतल्या चित्रांना ऑल्ट-अ‍ॅझ पुरतं. कॅमेऱ्यामागची मेनूची बटणं दाबली की दुर्बीण हादरते, तेव्हा वायरचा रिमोट मिळाला तर घ्या. डीव्हीआर पाल घेतो का हे घरीच तपासा. मॉनिटर पाल आणि एनटीएससी (अमेरिकेतली पद्धत) दोन्ही घेतो, स्वस्तातला डीव्हीआर कधीकधी नाही घेत. आणि स्क्रीनवर लाल जिलेटीनचे दोन थर लावून तिचं तोंड इतरांकडून फिरवून ठेवा. तुमच्या शेजारी कोणी डोळ्याने मंद दीर्घिका शोधत असेल, तर त्याची अर्ध्या तासाची मेहनत तुमची स्क्रीन एका क्षणात घालवते.

शनिवारी जाणार असाल तर हीटर काढून बघाच. पट्टे गेले तर इथे दोन ओळी लिहा. नाही गेले, तर कॅमेऱ्याच्या पिनवर चालू स्थितीत मोजलेले व्होल्ट, सेन्स-अपचा आकडा आणि पट्टे थिजतात की चालतात, एवढं कळवा. तोपर्यंत तो कॅमेरा कोणाच्याही हातात देऊ नका.