जोडीदार गेल्यावर रडणं म्हणजे विश्वास कमी पडणं का? आणि स्वतःच्या मरणाची तयारी ख्रिस्ती माणसाने कशी करावी?

नाही, अजिबात नाही. आपला मेलेला मित्र लाजर याच्या कबरीपाशी स्वतः येशू रडला (योहान 11:35), आणि तेही लाजराला आपण थोड्याच वेळात उठवणार हे माहीत असूनही. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (4:13) प्रेषित पौल आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका म्हणतो. शोकच करू नका, असं म्हणत नाही. ‘देवाची इच्छा, आता अश्रू पुसा’ असं अंत्यविधीतच सांगणाऱ्यांनी हे दोन्ही उतारे वाचावेत.

मत्तय 22:30 प्रमाणे पुनरुत्थानानंतर लग्नव्यवहार नसतो. विधवा-विधुरांना हे वचन टोचतं, पण तिथे प्रेम संपतं असं लिहिलेलं नाही.

तयारीचं म्हणाल तर स्तोत्र 90:12 ची ‘आमचे दिवस मोजायला शिकव’ ही प्रार्थना आहेच. कॅथलिक असाल तर आजाऱ्यांचा अभ्यंग (धर्मगुरू आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करतात तो संस्कार) अगदी शेवटच्या श्वासापर्यंत लांबवू नका. आणि मृत्युपत्र करा! भारतात ख्रिस्ती व्यक्तीला सहसा 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील तर सर्वसाधारणपणे हयात जोडीदाराला एक तृतीयांश वाटा मिळतो, बाकी मुलांना. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, पण ज्याला काही द्यायचंय त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नका, ती देणगी रद्द ठरते. पुनर्विवाह केलात तर जुनं मृत्युपत्रही रद्द होतं, नवीन करावं लागतं.