सोसायटीत ग्रास कटरचा त्रास होतो, कायद्याने बंद करता येतो का?

तुम्ही लिहिलंय की आठवड्यातून तीन दिवस सकाळी आठला खिडकीखाली ग्रास कटर सुरू होतो, घरात चार महिन्यांचं बाळ आहे आणि सेक्रेटरी म्हणतात, "दिवसा आवाज होणारच." तुमचे सेक्रेटरी आणि आमचे तेव्हाचे चेअरमन एकाच साच्यातून काढलेले दिसतात, म्हणून लिहायला बसलो.

मी चाकणला प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनने पत्रा दाबून भाग काढतात तिथे, 21 वर्षं काढली. थर्ड शिफ्ट सुटून कंपनीच्या बसने सिंहगड रोडला घरी पोचायला साडेआठ व्हायचे, अंघोळ आणि चहा उरकून आडवं व्हायला नऊ. फ्लॅट तळमजल्यावर, बेडरूमच्या खिडकीबाहेर चार फुटांवर सोसायटीचं लॉन. 'गार्डन फेसिंग' म्हणून बिल्डरने वरचे पैसेही घेतले होते.

सुरुवातीची काही वर्षं सुखात गेली. आमचे माळीमामा कडेचं गवत उकिडवे बसून विळ्याने कापायचे आणि मधलं हाताने ढकलायच्या मशीनने. खर्र, खर्र, मग तंबाखू मळायला थांबायचे, परत खर्र. त्या आवाजावर मी घोरत पडायचो. मामांचे गुडघे गेले, ते गावाला गेले आणि कमिटीने बागेचं काम एजन्सीला दिलं. एजन्सीने खांद्याला पट्ट्याने लटकवलेला टू-स्ट्रोक कटर घेऊन एक पोरगा पाठवला. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेनऊ. म्हणजे माझा डोळा लागून अर्धा तास झालेला.

प्रेस शॉपमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला आवाजाचं काय, असं लोक म्हणतात. पण प्रेसचा आवाज ठेक्यात असतो. पंख्याखाली झोप लागते, कूलरसमोर लागते, मला तर कंपनीच्या बसमध्ये इंजिनाला टेकून लागायची. कटरचं तसं नाही. पोरगा मूठ दाबतो, आवाज चढतो, सोडतो, उतरतो, आता संपलं म्हणून कूस बदलावी तर परत चढतो. पडल्या पडल्या आपण त्या पुढच्या चढण्याची वाट बघत राहतो. त्यात आमच्या तीन विंग इंग्रजी यू सारख्या, त्यामुळे आवाज समोरच्या भिंतीवरून परत यायचा. खिडकी लावली की वरची किरकिर कमी व्हायची, खालची घरघर तशीच उशीपर्यंत.

सेफ्टी ऑफिसर ओळखीचा होता. त्याच्याकडून आवाज मोजायचा मीटर दोन दिवस मागून आणला. माझ्या खिडकीत 84 डेसिबल, पोराच्या कानापाशी 98. कारखान्यात 90 डेसिबलला आठ तास, 95 ला चार आणि 100 ला दोन तास, याच्या वर माणसाला ठेवायचं नाही असा नियम असतो. आकडे वहीच्या कागदावर नीट लिहून मी वार्षिक सभेत उभा राहिलो. चेअरमन बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी कागद हातातही घेतला नाही. "दिवसा कोण झोपतं?" म्हणाले. सभा हसली. मग जरा मऊ होऊन, "अहो, आम्हीही नोकऱ्या केल्या."

केल्या असतील. दहा ते साडेपाच.

त्या रागात पुढच्या शुक्रवारी झोपायच्या नादाला न लागता बाहेर जाऊन बसलो. पोरगा परभणीकडचा, विशीतला. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल आणि टू-टी ऑइल घालून बाटली खळाखळा हलवत होता. कानात कापूस, त्यावर गमछा. म्हणाला, "काका, दिवसाला चार सोसायट्या हायत. विळ्यानं एक बी व्हायची न्हाई." चहा दिला तर कप दोन्ही हातांनी धरला. एका हाताने धरला असता तर सांडला असता, इतका हात थरथरत होता. मशीन बंद होऊन दहा मिनिटं झाली होती तरी. मी कंपनीतले माझे जुने इअर मफ त्याला दिले. पुढच्या खेपेला ते गळ्यात लटकलेले. का रे? "घातल्यावर मुकादमाची हाक ऐकू येत न्हाई."

पण त्याने एक केलं. आमच्या बाजूचं गवत सगळ्यात शेवटी कापायला लागला, दुपारी चारला. माझी झोप तोवर झालेली असायची. कुणाला अर्ज नाही, ठराव नाही, दोन कप चहात काम झालं. दीड महिना चाललं. मग त्या वेळेला मुलं खेळायला उतरतात, खडा उडाला तर जबाबदार कोण, म्हणून कमिटीने सकाळची वेळ परत लावली. खडा उडतो हे खरं आहे, कटरमध्ये पात्याच्या जागी नायलॉनची दोरी गरगर फिरते, ती गोळीसारखा उडवते. पण कमिटीला तो नेमका तेव्हाच आठवला.

आता ज्याच्यासाठी आमच्या घरात अजून वाद आहे ते सांगतो. 2018 च्या सभेत लॉन काढून पेव्हर ब्लॉक टाकायचा आणि पार्किंग वाढवायचं असा ठराव आला. आमच्याकडे चारचाकी नाही. तरी मी हात वर केला. गवतच नसेल तर कटर कशाला येईल, एवढाच हिशोब. बायको शेजारीच बसली होती. तिने माझ्या हाताकडे बघितलं ते मला आजही दिसतं. ठराव 31 विरुद्ध 9 ने पास झाला, म्हणजे माझ्या एका हाताने काही बिघडलं नाही, हे मी तिला तेव्हापासून सांगतो आहे. तिचं म्हणणं, "आवाज तासाभराचा होता, ऊन दिवसभराचं आहे." एप्रिलमध्ये ब्लॉक तापतात आणि झळ सरळ बेडरूममध्ये येते, हे मान्य करावं लागतं. शिवाय खिडकीबाहेर आता दोन गाड्या. सकाळी त्या रिव्हर्स घेताना पीं पीं वाजतं, एकीला तर चक्क गाण्याची धून लावलेली आहे.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. ध्वनी प्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत. राहत्या भागात सकाळी 6 ते रात्री 10 मर्यादा 55 डेसिबल, रात्री 45. दवाखाना, शाळा किंवा कोर्टापासून 100 मीटरच्या आतला भाग शांतता क्षेत्र ठरलेला असेल तर 50 आणि 40. मर्यादेच्या 10 डेसिबल वर आवाज गेला तर तक्रार करता येते. आता हा आकडा सबंध वेळेच्या सरासरीचा असतो, कटर किंचाळतो त्या क्षणाचा नाही. सेक्रेटरी इथेच तुम्हाला गप्प करणार. तेव्हा हिशोब तयार ठेवा. डेसिबलची सरासरी साध्या भागाकाराने निघत नाही. 84 डेसिबल 40 मिनिटं चाललं आणि ते 16 तासांवर पसरलं तरी 70 च्या आसपास उरतं. 55 अधिक 10, म्हणजे 65. कागदावर तुमची बाजू बसते.

प्रत्यक्षात पोलिसांना फोन केलात तर ते येईपर्यंत पोरगा पुढच्या सोसायटीत गेलेला असतो, आणि ओरडा बसलाच तर तो त्याला बसतो, कमिटीला नाही. म्हणून मी म्हणतो, आधी सोसायटीला लेखी अर्ज द्या, त्यावर सही-शिक्क्याची पोच घ्या, आणि 'बंद करा' न लिहिता 'वेळ ठरवा' लिहा. बंद करा म्हटलं की कमिटीला तुम्ही विक्षिप्त ठरवायला सोपं जातं. भाचा जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो. तिकडे 2002 पासून कायदाच आहे की राहत्या भागात ग्रास कटर आणि पाला उडवायची मशीन सकाळी 9 ते 1 आणि दुपारी 3 ते 5 एवढीच चालवायची, रविवारी अजिबात नाही. दुपारी 1 ते 3 बंद! पुणेकर 1 ते 4 बंद ठेवतो तर जगभर विनोद, आणि जर्मनांनी केलं की शिस्त. कॅलिफोर्नियात तर 2024 पासून असल्या नव्या मशीनना धूर शून्यच पाहिजे असा नियम आहे, म्हणजे पेट्रोलचं इंजिन गेलंच.

बॅटरीवरचा कटर घ्या असं कुणीतरी सुचवेलच. चांगला असतो, इंजिनाची घरघर जाते, धूर जातो. पण दोरी हवेत फिरते तिचा आवाज राहतोच, आणि एजन्सीवाला चार सोसायट्या करायच्या म्हणून जास्तीच्या बॅटऱ्यांचे पैसे तुमच्याच बिलात लावेल. लॉन छोटं असेल तर हाताने ढकलायचं मशीन अजून मिळतं. माळी मिळत नाहीत म्हणतात ते खोटं आहे. त्या पगारात मिळत नाहीत.

मी वकील नाही, हे आधी सांगायला हवं होतं. आणि मोबाइलच्या ॲपवर मोजलेले आकडे अर्जाला जोडू नका, पहिल्या वाक्यात उडवतील. मीटर भाड्याने मिळाला तर बघा. बाळाचं म्हणाल तर त्याची झोप थोड्या महिन्यांत बदलेल, माझी शिफ्ट मात्र बदलणार नव्हती, त्यामुळे माझा ताव जरा जास्त असेल, तेवढा वजा करून वाचा.

फक्त एक ऐका. तुमच्याकडे कुणी वैतागून म्हणालं की लॉनच काढून टाकू, तर हात खाली ठेवा. आमच्या लॉनमध्ये हरळी होती. गणपतीत बायको खिडकीतून वाकून 21 दूर्वांची जुडी तोडायची. ब्लॉक टाकल्यावर पहिल्या वर्षी तिने दूर्वा मंडईतून आणल्या आणि किती रुपयांच्या ते मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने शेजारणीला सांगितलं. दुसऱ्या पावसाळ्यात हरळी ब्लॉकच्या फटींतून परत वर आली. ती खूश. भाद्रपद लागायच्या आधीच्या शुक्रवारी साडेनऊला मी नुकताच पडलो होतो आणि बाहेर कटर सुरू करायची दोरी ओढल्याचा आवाज आला. कमिटीने फटींमधलं गवत काढायला एजन्सीला बोलावलं होतं. नायलॉनची दोरी मातीवर कमी वाजते हो, सिमेंटवर फार वाजते.