गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा बदलल्यावर परिणाम चांगला यावा म्हणून काय करावे? सांधा कोणत्या कंपनीचा घ्यावा?

वडिलांच्या गुडघ्यासाठी कोणता सांधा घ्यावा हे तुम्ही सविस्तर विचारले आहे आणि शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीविषयी शेवटी एकच ओळ लिहिली आहे. 2019 मध्ये आमच्या घरीही विचार याच क्रमाने झाला आणि त्याचा त्रास आईला भोगावा लागला, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

आईच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी तिला वॉकर धरून चालवले आणि पाचव्या दिवशी घरी सोडले. माझ्या थोरल्या भावाने त्याआधी महिनाभर सांध्यांची माहितीपत्रके वाचली होती; फिजिओथेरपिस्टला मात्र त्याने आठवड्याभरातच बंद केले, कारण ‘तो आईला रडवतो, आणि इतके लाख खर्च केल्यावर आता रोजचे पाचशे रुपये कशाला?’ मी तिसऱ्या आठवड्यात नागपूरहून पोहोचले, तेव्हा आई पलंगावर पडून होती आणि तिच्या गुडघ्याखाली मऊ उशी होती. उशीने बरे वाटते हे खरे, पण सतत वाकलेला ठेवलेला गुडघा तसाच आखडतो. उशी काढून पाय सरळ करायला सांगितले, तर गुडघ्याची मागची बाजू आणि गादी यांच्यामध्ये माझी चार बोटे एकावर एक ठेवून सहज जात होती. असा पाय प्रत्येक पावलाला वाकलेलाच टेकतो, मांडीचा पुढचा स्नायू थकतो आणि माणूस लंगडतो. कितीही महाग सांधा बसवला तरी यात फरक पडत नाही.

फिजिओथेरपिस्टला मी त्याच संध्याकाळी परत बोलावले. वेदनाशामक गोळीनंतर अर्ध्या तासाने, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, गुडघा खाली दाबायचा आणि पाच मोजेपर्यंत धरायचा, असे दिवसातून तीनदा सुरू झाले. आई मोठ्याने मोजत असे. तीनच्या पुढे तिचा आवाज कापू लागे आणि दादा उठून गॅलरीत जाई. सहाव्या आठवड्यातही गुडघा 70 अंशांपलीकडे वाकेना, तेव्हा सर्जननी भूल देऊन तो वाकवावा लागेल असे बजावले. ती वेळ आली नाही. बाराव्या आठवड्यात तो 110 अंशांपर्यंत वाकू लागला, मागच्या फटीत जेमतेम एक बोट जाऊ लागले आणि आई कठडा धरून जिना उतरली. दादा आजही म्हणतो की गुडघा आपोआप सुटला. तो आपोआप सुटला नाही, आणि व्यायाम बंद करणे म्हणजे आईवर माया करणेही नव्हते.

आता कंपनीविषयी. 2017 च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या कमाल किमती बांधल्या. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याची मर्यादा तेव्हा 54,720 रुपये होती, जीएसटी वेगळा. सर्जनचा ज्या सांध्यावर हात बसला आहे तो घ्यावा आणि वाचलेल्या पैशांतून फिजिओथेरपिस्ट शस्त्रक्रियेच्या आधीच ठरवून ठेवावा. मांडीचे व्यायामही आधीपासून सुरू करावेत, साखर आटोक्यात आणावी, किडलेल्या दातांवर उपचार करून घ्यावेत आणि तंबाखू सोडावी, कारण नव्या सांध्यात जंतुसंसर्ग झाला तर तो कधी कधी काढावाही लागतो.

मी डॉक्टर नाही आणि वर लिहिलेले गुडघ्यापुरतेच आहे. खुब्याचा सांधा चुकीच्या हालचालीने निखळू शकतो, म्हणून किती वाकायचे, पायावर पाय टाकायचा का, हे सर्जन सांगतील तसेच पाळावे. सारे नीट करूनही काही जणांचे दुखणे उरते, हेही वडिलांना आधी सांगून ठेवावे. पोटरी अचानक सुजून दुखू लागली, जखमेतून पाणी आले किंवा ताप चढला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी सर्जनना दाखवावे. धाप लागली किंवा छातीत दुखले, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.